आधी ब्रेक, मग मोटर

आमच्या पडवीत एक सायकल उभी आहे. वडिलांनी ती १९६८ साली पहिल्या पगारातून उरलेल्या पैशांत घेतली. काळा रंग, अठ्ठावीस इंची चाके, ब्रेकला तारांऐवजी सळया, मागे भक्कम कॅरियर. वजन वीस किलोच्या घरात. वडील गेल्यावर घरातल्या वस्तूंची वाटणी झाली तेव्हा मी फक्त ही सायकल मागितली. कोणी हरकत घेतली नाही, हे निराळे सांगायला नको.

ती शोभेची वस्तू म्हणून ठेवायची नाही, रोज वापरायची, एवढे मी तेव्हाच ठरवले होते. पण आमचे घर साताऱ्यात, राजवाड्याच्या बाजूला. आणि आमचे कॉलेज पोवई नाक्याच्या खाली. सकाळी उताराने वाऱ्यासारखे जावे आणि संध्याकाळी चार तास घेऊन दमल्यावर चढ चढावा, असा हा उलटा हिशेब. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याने तक्रार मांडली. डॉक्टर म्हणाले, "सायकल सोडू नका, चढ सोडा." साताऱ्यात राहून चढ सोडायचा म्हणजे काय, ते सातारकरच जाणे!

तेव्हा मनात आले, सायकलीला मोटर बसवावी. पायंडल मारायचे सोडायचे नाही. चढापुरता कोणीतरी पाठीवर हात ठेवावा, इतकीच अपेक्षा.

कल्पना काही नवी नव्हे. पॅरिसमध्ये वेर्नर बंधूंनी १८९७ साली सायकलीच्या पुढच्या चाकावर इंजिन बसवले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पेट्रोलची टंचाई आणि पैशांची चणचण होती, तेव्हा अशा गाड्यांना बहर आला. फ्रान्समध्ये १९४६ साली व्हेलोसोलेक्स विक्रीला आली. तिचे इंजिन पुढच्या चाकावर बसे आणि एक रूळ टायरवर घासून चाक फिरवी. टायर ओला झाला की हा रूळ घसरे. इंग्लंडात १९५० साली सायकलमास्टर निघाली. तिचे इंजिन मागच्या चाकातच सामावलेले. आपले चाक काढून ते चाक बसवायचे, की झाली फटफटी. आपल्याकडे १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेली लूना याच गोत्रातली. तिलाही पायंडले होतीच.

पेट्रोलच्या इंजिनाचा मोह मला पडला होता. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात पंचवीस घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी 'मोटार वाहन' धरली जात नाही. गंमत अशी, की मूळच्या सायकलमास्टरचे इंजिन २५.७ चे, म्हणजे अर्ध्याअधिक घन सेंटिमीटरने ती नापास! पण पेट्रोलमध्ये तेल मिसळा, धूर सोसा, गल्लीची झोपमोड करा, हे रोजच्या वापराला परवडणारे नव्हे. मग बॅटरीकडे वळलो. विजेच्या दुचाकीला नोंदणीतून सूट हवी तर मोटर पाव किलोवॅटच्या आतली, वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत आणि मान्यताप्राप्त संस्थेने तपासणी केलेली, असा नियम आहे. घरी जोडलेल्या सायकलीला ही सूट आपोआप मिळत नाही. तेव्हा खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन विचारायचे, हे यादीत पहिले लिहिले.

पाव किलोवॅट पुरेल का? शंभर फुटांत पाच फूट उंची गाठणारा चढ धरा. मी आणि सायकल मिळून शंभर किलो. ताशी बारा किलोमीटरने चढायचे तर एकशेऐंशी वॅटांहून थोडी अधिक शक्ती लागते. माझ्यासारखा माणूस फार न दमता शंभरेक वॅट देतो. उरलेले मोटरने द्यावे, गुडघाही खूश. छत्तीस व्होल्ट, दहा अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. पायंडल मारत गेल्यास किलोमीटरला दहा-बारा वॅट-तास पुरतात, म्हणजे तीसेक किलोमीटरची सोय. बॅटरी वडिलांच्या खाकी पिशवीत घालून दांडीखाली टांगायची, म्हणजे सायकलीचे जुने रूप बिघडणार नाही. असा सगळा आराखडा वहीत उतरवून मी मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी वही शांतपणे पाहिली आणि परत दिली. म्हणाले, "सर, पळवायचं सगळं लिहिलंत. थांबवायचं कुठं आहे?"

मी हसलो. पन्नास वर्षे जे ब्रेक चालले ते पुढेही चालतील, असे मला वाटत होते.

त्याच आठवड्यात, श्रावणातल्या एका सकाळी, उत्तरपत्रिकांचे गाठोडे कॅरियरला बांधून मी नाक्याकडे उतरत होतो. भुरभुर पाऊस होता. एक शाळकरी मुलगी छत्री सावरत अचानक रस्त्यात आली. मी दोन्ही ब्रेक दाबले. रबर लोखंडी रिमवरून साबणासारखे सरकले. सायकल काही थांबेना. शेवटी हँडल वळवून भाजीच्या पोत्यांवर जाऊन आदळलो. मुलगी वाचली, माझे कोपर सोलले आणि उत्तरपत्रिका चिखलात गेल्या. भाजीवाल्या मावशी मला उठवत म्हणाल्या, "मास्तर, पोरगी गेली असती की वो!" दिवसभर वर्गात दुसरे काही सुचले नाही. आणि ही गत मोटर नसताना!

संध्याकाळी पुन्हा हिशेब केला. वेग पंधरावरून पंचवीसवर नेला तर वाढ दीडपटीहून थोडीच अधिक. पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट होते. त्यात मोटर आणि बॅटरीचे पाच-सहा किलो निराळेच.

मग मिस्त्रींच्या पाटावर बसून नवी यादी केली. ओल्या लोखंडी रिमपेक्षा ॲल्युमिनियमच्या रिमवर रबर कितीतरी चांगले धरते. तेव्हा दोन्ही रिमा बदलायच्या आणि सळयांच्या जागी तारेचे, रिमला दोन बाजूंनी पकडणारे ब्रेक. जुन्या पुढच्या चाकाला बत्तीस स्पोक, मागच्याला चाळीस. बाजारातल्या मोटरीच्या हबला बहुधा छत्तीस भोके. म्हणजे पुढची रिम तशीही बदलावीच लागणार होती. मोटरचा आस जाड असतो, तो बसवायला चिमट्याची खाच कानशीने वाढवावी लागते. वडिलांच्या चिमट्याला कानस लावायची नाही. दुसरा पोलादी चिमटा घ्यायचा. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा आस उलटा फिरू पाहतो आणि खाचेतून निसटू शकतो; म्हणून त्याला पोलादी पट्टीचा आधार हवाच. ब्रेक दाबताच मोटर बंद पडेल अशी कळही.

घरी हे सांगितल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढं सगळं बदलल्यावर मामंजींची सायकल राहिली कुठं?"

प्रश्न बिनतोड होता. सांगाडा, हँडल, कॅरियर आणि सीट वडिलांचीच राहतील. काढलेली चाके, चिमटा आणि सळया तेल लावून पडवीतल्या खुंटीला टांगल्या आहेत. दोन तासांत सायकल पुन्हा पहिल्यासारखी करता येईल. पण मला वाटते, उत्तर यात नाही. वडिलांनी ती सायकल कामावर जाण्यासाठी आणि धडपणे घरी येण्यासाठी घेतली होती. तेवढे तिने केले, की ती त्यांचीच.

चाके आणि ब्रेक बसले आहेत. मिस्त्रींनी चाकांचा आऊट दोनदा काढला. गेल्या पावसात मुद्दाम त्याच उताराला ब्रेक दाबून पाहिले. सायकल जागच्या जागी उभी राहिली. मोटर अजून आलेली नाही. परिवहन कार्यालयात माझी दुसरी खेप व्हायची आहे. तोवर संध्याकाळी चढ आला की खाली उतरतो आणि सायकल हाताने ढकलत नेतो. वाटेत मावशींची भाजी घेतो.