नांगरलेल्या कुरणावर पुन्हा गवत

डस्ट बाउल : अमेरिका, १९३०चे दशक

• कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको ही राज्ये. मूळचे गवत नांगरून गहू पेरला. अवर्षणात उघडी पडलेली माती वाऱ्याने उडाली.

• १४ एप्रिल १९३५ : ‘ब्लॅक संडे’चे धुळीचे काळे वादळ. २७ एप्रिलला मृदसंधारण कायदा. त्यातून उभ्या राहिलेल्या मृदसंधारण खात्याचे पहिले प्रमुख ह्यू बेनेट.

• पुन्हा पेरलेल्या गवतांपैकी बफेलो ग्रास : बुटके, कमी पावसात तगणारे. आपल्या हरळीसारखे जमिनीलगत धावते. धावत्या खोडाला पेरापेरावर मुळे फुटतात, माती जखडली जाते.

• बिग ब्लूस्टेम : माणसाहून उंच वाढते. मुळे दोन-तीन मीटर खोल.

• क्रेस्टेड व्हीटग्रास : आशियातून आणलेले. थंडी-दुष्काळात झटपट रुजते. मात्र एकदा माजले की देशी गवतांना शिरकाव मिळत नाही. ‘हिरवे झाले’ म्हणजे मूळचे कुरण परतले असे नव्हे.

• सरकारने विकत घेतलेल्या ओसाड शेतांवर गवत पेरले. त्यांतून १९६०मध्ये ‘राष्ट्रीय गवताळ प्रदेश’ घोषित झाले. आज असे २० आहेत. कॅन्ससमधले सिमरॉन त्यांपैकीच.

• १९८५पासून ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्राम’ : धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे गवताखाली ठेवणाऱ्या शेतकऱ्याला सरकारकडून वार्षिक भाडे.