पाण्याखालचा घण

सिटीवेस्टला समुद्र नाही. डब्लिनच्या नैर्ऋत्य टोकाला, एन-७ महामार्गाच्या कडेने वसलेलं हे उपनगर. कंपन्यांच्या इमारती, नव्या सदनिका, ट्रामचा एक फाटा आणि पलीकडे हिरव्या टेकड्या. गोदीबांधणीतल्या दणकट यंत्राची ओळख इथून सुरू करणं विचित्र वाटेल. पण शेजारीच बेलगार्डची चुनखडीची खाण आहे, आणि डब्लिन बंदराच्या गाळाखाली, हिमयुगाने मागे ठेवलेल्या चिवट मातीच्याही खाली, चुनखडकच पसरलेला आहे. खाणीत सुरुंग उडवल्यावर काही धोंडे क्रशरच्या तोंडात मावत नाहीत. ते फोडायला जे यंत्र लागतं, तेच बंदरात पाण्याखाली उतरवतात. त्याचं नाव हायड्रॉलिक ब्रेकर.

मुंबई-पुण्याच्या माणसाला त्याची ओळख कानांनीच झालेली असते. शेजारच्या प्लॉटवर इमारतीचा पाया खोदताना काळा पाषाण लागला, की पोकलेनची बादली काढून तिथे ब्रेकर चढवतात. मग दोन-तीन महिने सोसायटीच्या खिडक्या बंद.

आवाज एवढा असला तरी आतली रचना सुटसुटीत आहे. जाड पोलादी नळकांड्यात एक दट्ट्या असतो. पोकलेनच्या पंपातून दाबाखाली आलेलं तेल तो वर ढकलतं. वरच्या टोकाला नायट्रोजन वायू कोंडलेला असतो, तो दाबला जातो. मग झडप उघडते, दाबलेला वायू आणि तेल मिळून दट्ट्याला खाली फेकतात आणि तो छिन्नीच्या डोक्यावर आदळतो. छिन्नी दगडावर आधीच टेकलेली असते. ती फारशी हलत नाही, घावाची लाट तिच्यातून दगडात शिरते आणि दगड तडकतो. मोठे ब्रेकर मिनिटाला काही शे घाव घालतात, आणि सर्वांत अवजड ब्रेकरचं वजन दहा टनांच्या आसपास जातं. जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९६७ साली हॅनोव्हरच्या मेळ्यात पोकलेनला जोडायचा ब्रेकर मांडला. त्याआधी हे काम घण, पहार, सुरुंग किंवा हवेवर चालणाऱ्या हातब्रेकरकडे असे.

जमिनीवर त्याचं हे असं ठीक चालतं. पाण्यात मात्र सगळा घोटाळा एका लहानशा पोकळीत होतो. दट्ट्याचं खालचं टोक आणि छिन्नीचं डोकं यांच्या मधे थोडी जागा असते. जमिनीवर तिथे हवा असते. दट्ट्या खाली येताना ती दबते आणि बाजूने निसटते. ब्रेकर तसाच पाण्यात बुडवला, तर छिन्नीच्या भोवतीच्या फटीतून पाणी वर चढतं आणि ती जागा भरून टाकतं. पाणी हवेसारखं दबत नाही. वेगाने खाली आलेला दट्ट्या आता छिन्नीवर आदळायच्या आधी पाण्यावर आदळतो. घावाची ताकद मधेच जिरते, कोंडलेल्या पाण्याचा दाब क्षणात वाढतो, सील फाटतात, तेलात पाणी शिरतं. आरशासारख्या घासलेल्या दट्ट्यावर खाऱ्या पाण्याचा गंज बसला की ओरखडे पडतात. मग तो फेकण्याच्याच लायकीचा राहतो.

यावरचा उपाय म्हणजे आत हवा भरणं. बार्जवर कॉम्प्रेसर ठेवतात, त्याची नळी पोकलेनच्या हाताला बांधून ब्रेकरपर्यंत नेतात आणि त्या पोकळीत दाबाची हवा सतत सोडतात. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एक बारने वाढतो. हवेचा दाब त्याहून जास्त ठेवला की पाणी आत येऊ शकत नाही. छिन्नीच्या फटीतून बुडबुडे निघत राहतात, आणि ते निघत आहेत तोवर काम बरोबर चाललं आहे असं समजायचं. हवा सुरू करायची ती छिन्नी पाण्याला लागायच्या आधी, आणि बंद करायची ती ब्रेकर पूर्ण बाहेर आल्यावर. पाळायला सोपा असलेला हा क्रम मोडला तर नुकसान मोठं होतं.

डब्लिनला ही कल्पना नवी नाही. लिफी नदीच्या दक्षिण काठावर, सर जॉन रॉजर्सन्स धक्क्यावर, नारिंगी रंगाचं एक प्रचंड लोखंडी धूड उभं आहे. ती बिंडन ब्लड स्टोनी या बंदर अभियंत्याची पाणबुडी घंटा. ड्रोहेडाच्या ग्रेंडन कारखान्यात ती बनली. तळाला सुमारे वीस फूट लांब-रुंद, खालून उघडी खोली, तिच्यातून वर पाण्याबाहेर येणारी उभी नळी आणि आत दाबाची हवा. ही घंटा नदीच्या तळाशी टेकवली की हवेने पाणी हटायचं, मजूर नळीतून खाली उतरायचे आणि तळ खरवडून सपाट करायचे. आतली हवा गरम आणि कोंदट, कानांवर दाब, पायाखाली चिखल. अशा जागी हातातल्या फावड्याने घासूनपुसून तयार केलेल्या तळावर स्टोनीने प्रत्येकी साडेतीनशे टनांचे ठोकळे उतरवले आणि नॉर्थ वॉलचा वाढीव धक्का उभा केला. ठोकळे जमिनीवर घडवून तरत्या यारीने नेऊन ठेवायचे, हा त्या काळी मोठाच धाडसी बेत होता. घंटा १८७१पासून कामाला लागली आणि १९५८पर्यंत वापरात राहिली. २०१५मध्ये तिचं छोटं संग्रहालय झालं.

मला या दोन यंत्रांत एकच युक्ती दिसते. स्टोनीने माणसांसाठी तळाशी कोरडी खोली नेली. ब्रेकरवाले दट्ट्यासाठी ओंजळभर कोरडी जागा नेतात. माणूस वर राहिला आणि घण खाली गेला, एवढीच सव्वाशे-दीडशे वर्षांची प्रगती. पण ज्यांनी घंटेत घाम गाळला, त्यांना विचारलं असतं तर त्यांनी ही प्रगती फार मोठी मानली असती.

गंमत अशी, की पुढे मोडायची पाळी स्टोनीच्याच बांधकामावर आली. डब्लिन बंदराच्या अलेक्झांड्रा बेसिन प्रकल्पाला २०१५मध्ये परवानगी मिळाली. मोठ्या जहाजांसाठी वाहिनी दहा मीटर खोल करायची, धक्के नव्याने बांधायचे आणि नॉर्थ वॉलच्या वाढीव धक्क्याचा एक भाग काढून टाकायचा, असं त्या आराखड्यात होतं. अशा जागी सुरुंग नकोसे असतात. पाच-पन्नास मीटरवर चालू धक्के, जुन्या भिंती, पाण्याखालच्या वाहिन्या. तडा कुठे जाईल याची खात्री कोण देणार? ब्रेकरची खरी जागा हीच. मोडायची वस्तू आणि राखायची वस्तू जिथे एकमेकींना चिकटून आहेत, तिथे तो हवा. उलट लाखो घनमीटर खडक काढायचा असेल तर ब्रेकरने दगड मोजत बसण्यात अर्थ नाही. तिथे खडक कापणारे ड्रेजर किंवा छिद्रं पाडून सुरुंग हेच परवडतात.

ब्रेकर उभा करायला बार्जही साधी चालत नाही. छिन्नी दगडावर दाबून धरावी लागते, आणि तो दाब यंत्राच्या वजनातून येतो. तरंगणाऱ्या बार्जवर उभं राहून दाबलं, तर बार्जच उचलली जाते. म्हणून तिला उभे पोलादी पाय असतात. ते तळात रोवून बार्ज जागेवर घट्ट उभी करतात. डब्लिनला मोठ्या उधाणाची भरती-ओहोटी साडेतीन-चार मीटरची, म्हणजे सकाळी जी खोली होती ती दुपारी राहत नाही. चालकाला छिन्नी दिसत नाही, कारण पाणी गढूळ असतं आणि पहिल्याच घावाने ते आणखी गढूळ होतं. पोकलेनच्या हातावरचे संवेदक आणि उपग्रहावरून मिळणारी जागा यांवरून पडद्यावर छिन्नीचं चित्र उमटतं, त्याच्याकडे बघत तो काम करतो. जमिनीवर मुरलेला चालक आवाजावरून ओळखतो की दगड फुटला की घाव पोकळ गेला. पाण्यात ती खूण बरीचशी जाते. दगड फुटल्यावरही घाव चालूच राहिले तर छिन्नीखाली आधार नसतो आणि ब्रेकर स्वतःलाच ठोकत बसतो. त्यामुळे एका जागी फार वेळ न ठोकता छिन्नी सरकवत राहायची, हा जमिनीवरचा नियम पाण्यात दुप्पट कडक होतो. संध्याकाळी ब्रेकर बाहेर आला की गोड्या पाण्याने धुवायचा, ग्रीस भरायचा. तेल आणि ग्रीस शक्यतो पाण्यात विघटन होणारं वापरायचं, कारण थोडी गळती धरूनच चालावं लागतं.

उरतो आवाज. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि लांबवर जातो. आयर्लंडने २०१४मध्ये समुद्रातल्या मानवी आवाजाविषयी नियमावली काढली. काम सुरू करण्याआधी प्रशिक्षित निरीक्षकाने ठरलेल्या परिघात पॉरपॉइज, सील, डॉल्फिन नाहीत ना हे अर्धा तास पाहायचं. दिसले तर थांबायचं. लिफीतून सॅमन माशांची ये-जा असते, म्हणून अलेक्झांड्रा बेसिनच्या कामात खोदाई हिवाळ्याच्या महिन्यांपुरती ठेवली होती. सुरुंगाचा एकच स्फोट माशांच्या आतली हवेची पिशवी फोडू शकतो. ब्रेकरचा घाव त्या मानाने हलका, पण तो दिवसभर चालतो. कोणता त्रास बरा, हे माशाला विचारून ठरवता येत नाही. ठेकेदाराला मात्र दिवसाचे तास मोजावे लागतात.

आपल्या बाजूला बघितलं तर मुंबई बंदराचा तळ चुनखडीपेक्षा हट्टी. गाळाखाली ज्वालामुखीचा काळा खडक. काढता न आलेल्या खडकावर दिवा लावायचा, हा जुना शहाणपणा कुलाब्यापुढच्या प्राँग्ज दीपगृहात दिसतो. ते १८७५मध्ये पुरं झालं. पुढे प्रिन्सेस गोदी १८८०मध्ये आणि अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४मध्ये उघडली. न्हावाशेव्याचं बंदर १९८९मध्ये सुरू झालं आणि पुढे मोठ्या कंटेनर जहाजांसाठी वाहिनी टप्प्याटप्प्याने खोल करण्यात आली. एवढ्या मोठ्या कामाला ड्रेजरच लागतात. ब्रेकरची गरज लहान कामांत जास्त पडते. कोकणातल्या एखाद्या जेट्टीपुढचे दोन-चार खडक, जुन्या धक्क्याचा पाया, मोडलेला काँक्रीटचा खांब, अशी ही कामं.

अशा कामाला मोह होतो तो रस्त्याच्या कामावरून पोकलेन आणून ब्रेकर थेट पाण्यात घालण्याचा. ओहोटीत गुडघाभर पाण्यात पहिला दिवस निघेलही. तरी निविदा भरतानाच कॉम्प्रेसर, हवेची नळी आणि रोजच्या धुण्याचा खर्च धरावा. ब्रेकर भाड्याने घेत असाल तर तो हवेच्या जोडणीचा आहे का, हे मालकाला आधी विचारावं आणि करारात लिहून घ्यावं.