नवखा कोच, मोठी टीम: माणूस ठेवताना फक्त अनुभवच बघायचा का?



मागच्या व्हिडिओत आपण दुकानात पहिला माणूस कसा ठेवायचा ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न: "सर, अनुभवी माणूस परवडत नाही आणि नवख्यावर भरवसा बसत नाही. करायचं काय?"

आज याचं उत्तर फुटबॉलमधून देतो. आमचं कन्हान कामठीच्या शेजारी, आणि कामठीत फुटबॉलचं वेड जुनं. त्यामुळे चहाच्या टपरीवर हा वाद आम्ही कितीदा तरी घातला आहे.

2020-21 मध्ये मुंबई सिटी एफसीने सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश कोचच्या हाताखाली आयएसएलची शील्ड आणि ट्रॉफी, दोन्ही जिंकलं. ऑक्टोबर 2021 मध्ये, नवा सीझन दीड महिन्यावर असताना, त्याच्या जागी आला डेस बकिंगहॅम. इंग्लंडचा, वय 36. क्लबचा मुख्य कोच म्हणून त्याचा अनुभव म्हणजे न्यूझीलंडच्या वेलिंग्टन फिनिक्समधले काही महिने. मग न्यूझीलंडच्या युवा टीम, आणि मेलबर्न सिटीत सहायक कोच. आमचा एक मित्र टपरीवर म्हणाला, "चॅम्पियन टीम अशा पोराच्या हाती काहून देता भाऊ?"

पहिल्या सीझनला मुंबई पाचवी आली, प्लेऑफ हुकलं. मित्र म्हणाला, "पाहा, म्हटलं होतं ना!" पण क्लबने त्याला काढलं नाही. एप्रिल 2022 मध्ये त्याच टीमने इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. 2022-23 मध्ये सलग 18 मॅच न हरता 46 पॉइंट मिळवून त्यांनी शील्ड घेतली. 2023 च्या शेवटी बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेला. त्याच्या जागी पुन्हा मेलबर्न सिटीचाच सहायक आला, पीटर क्रात्की. मे 2024 मध्ये कोलकात्यात मोहन बागानला 3-1 ने हरवून ट्रॉफी मुंबईत आली.

मग नवखाच बरा का? नाही. याच क्लबने 2015 मध्ये फ्रान्सचा मोठा स्टार निकोला अनेल्काला खेळाडू आणि कोच अशी दुहेरी जबाबदारी दिली होती. कोच म्हणून तोही नवखाच. त्या वर्षी गोव्याकडून 7-0 असा मार खाल्ला आणि 8 टीममध्ये मुंबई सहावी आली.

दोघेही नवखे. फरक कुठे पडला?

माझ्या मते फरक सिस्टिमचा. 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईचा 65 टक्के हिस्सा घेतला. मेलबर्न सिटी त्याच ग्रुपची. म्हणजे बकिंगहॅम बाहेरच्यांना नवखा होता, मालकाला नाही. त्याचं काम त्यांनी जवळून पाहिलं होतं. अनेल्काच्या वेळी हा ग्रुप नव्हता. हाताशी होतं ते नाव.

आता माझी चूक सांगतो. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मी एकदा पंधरा वर्षांचा अनुभव असलेला सेल्समन डबल पगारावर आणला. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. पण उधारी त्याच्या डोक्यात, रेट त्याच्या डोक्यात. आठ महिन्यांनी तो गेला आणि कोणाकडे किती बाकी आहे हेच मला कळेना. बरीच उधारी बुडाली. चूक त्याची नव्हती. वही मीच ठेवली नव्हती.

नंतर काउंटर दिला तो दोन वर्षं माझ्याकडेच माल उतरवणाऱ्या पोराला. पहिले तीन महिने विक्री पडली. घरचे म्हणाले, काढून टाक. मी थांबलो, कारण रोजचा हिशोब वहीत दिसत होता: चुका होत होत्या, पण तीच चूक दुसऱ्यांदा होत नव्हती. आज तोच काउंटर सांभाळतो.

तेव्हा नवखा माणूस ठेवण्याआधी स्वतःला हे चार प्रश्न विचारा:

1. याचं काम मी स्वतः पाहिलं आहे का, की फक्त ऐकलं आहे?
2. रेट, उधारी, स्टॉक लिहिलेलं आहे का?
3. त्याची चूक जास्तीत जास्त किती रुपयांची होऊ शकते? तेवढीच मोकळीक द्या. मी सुरुवातीला 500 रुपयांच्या वरची उधारी मला विचारूनच, असं ठेवलं होतं.
4. किती दिवस थांबणार आणि काय मोजणार, हे आधीच ठरवलं आहे का?

एक लक्षात ठेवा. मोठ्या ग्रुपला एक सीझन वाया गेला तरी चालतं, आपल्याला एक दिवाळी वाया गेली तर चालत नाही. म्हणून नवख्याला सीझनच्या तोंडावर नाही, मंदीत बसवा. शिकायला वेळ मिळतो आणि नुकसानही कमी होतं.

आज रात्री दुकान बंद केल्यावर एक वही घ्या आणि तुमच्या डोक्यातले रेट आणि उधारी त्यात उतरवा. माणूस शोधायचं काम त्यानंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत!