दानामागचा हेतू कसा ओळखावा?

ख्रिस्ती मिशनांच्या धर्मादायाचा विषय निघाला की महाराष्ट्रात दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. शाळा, दवाखाने आणि अनाथाश्रम निखळ करुणेतून निघाले, असे एक पक्ष म्हणतो. ते सारे धर्मांतरासाठी पसरलेले जाळे होते, असे दुसरा पक्ष बजावतो. दोघांची चूक मात्र एकच आहे. दात्याच्या अंतःकरणात डोकावून पाहिल्याच्या थाटात दोघेही बोलतात, आणि ते तर कोणालाच शक्य नसते. मग हेतूची पारख करायचीच नाही काय? एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेल्या तीन पुरुषांच्या चरित्रांतून या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

लोकमान्य टिळकांचा जन्म 1856 मध्ये रत्नागिरीत झाला. धोंडो केशव कर्वे 1858 चे. त्यांचे घराणे दापोली तालुक्यातील मुरूडचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1861 मध्ये याच जिल्ह्यातील करजगावी जन्मले. जात एक, जिल्हा एक, वयेही जवळजवळची. परंतु ख्रिस्ती धर्मादायाच्या प्रश्नावर तिघांच्या वाटा तीन दिशांना गेल्या.

शारदासदनाचा वाद

पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. संस्थेला लागणारा पैसा अमेरिकेतील बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून येई. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल, असे आश्वासन होते. रमाबाई स्वतः 1883 मध्येच ख्रिस्ती झाल्या होत्या. काही विद्यार्थिनी त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या तेव्हा वाद पेटला. लोकमान्यांच्या 'केसरी'ने कठोर टीका केली आणि 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनीही सदनाशी असलेला सल्लागाराचा संबंध तोडला.

या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. दिलेला शब्द हा एक प्रकारचा करारच असतो. शिवाय, जिला सासर आणि माहेर दोन्ही बंद आहेत अशा बालविधवेने आश्रयदात्रीच्या धर्माकडे वळणे कितपत स्वेच्छेचे मानावे? गावात दुसरे दुकानच नसेल तर गिऱ्हाइकाची पसंती केवळ नावाची असते. पण हाच युक्तिवाद पुढे नेला तर तो टीकाकारांवरही उलटतो. दुसरे दुकान नव्हते, हा दोष कोणाचा? एकमेव दुकानदाराला नावे ठेवून गिऱ्हाइकाची सोय होत नाही.

कर्व्यांनी हे ओळखले. शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी त्यांनी 1893 मध्येच पुनर्विवाह केला आणि 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. बालविधवेला शिक्षणाची आणखी एक वाट त्यामुळे मोकळी झाली. धर्मांतराच्या आरोपाला महाराष्ट्राने दिलेले हे सर्वांत समर्थ उत्तर होय. आणि त्यासाठी कर्व्यांना रमाबाईंच्या हेतूवर शिंतोडे उडवावे लागले नाहीत.

दुष्काळ आणि भाकरी

1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुलींना आणले आणि केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. 1870 नंतरच्या दशकात त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. भुकेची ओळख त्यांना पुस्तकातून झालेली नव्हती. केडगावची संस्था उघडउघड ख्रिस्ती होती आणि तेथे तटस्थतेचे आश्वासन नव्हते, म्हणून शब्दभंगाचा आरोपही तिला लागू पडत नव्हता. मात्र भुकेल्याने अन्नदात्याचा धर्म पत्करला तर त्यात श्रद्धा किती आणि पोट किती, हा प्रश्न तेथेही शिल्लक राहिला. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा दुष्काळातील ख्रिस्त्यांच्या वाट्याला आला, तो यातूनच. केडगावी मुलींना छपाई, विणकाम, शेतीकाम शिकवले जाई, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. हाताला काम येणाऱ्या बाईचे मिंधेपण कमी होते. आणि दाता जेव्हा घेणाऱ्याचे मिंधेपण कमी करतो तेव्हा तो स्वतःची सत्ताही कमी करत असतो.

ख्रिस्ती धर्मग्रंथाची कसोटीही याहून फार निराळी नाही. दान गाजावाजा न करता, गुप्तपणे करावे, असा येशूचा उपदेश मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. मंदिराच्या पेटीत दोन क्षुद्र नाणी टाकणाऱ्या विधवेला त्याने श्रीमंतांपेक्षा श्रेष्ठ ठरवले, कारण तिच्यापाशी मागे काहीच उरले नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर दानाचे माप रकमेवरून न घेता दात्याने सोसलेल्या झळीवरून घ्यावे.

पगार सोडणारा प्रचारक

या मापाला रेव्हरंड टिळक उतरतात. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यापायी पत्नीचा कित्येक वर्षांचा वियोग सोसला, आणि पुढे अहमदनगरला अमेरिकन मिशनमध्ये काम केले. पगारी प्रचारकाच्या शब्दाला संशयाची छाया नेहमीच चिकटलेली असते. 1917 मध्ये, पंचावन्न वर्षांचे झाल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड केले आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. दोन वर्षांनी, 1919 मध्ये, ते निवर्तले. पण ज्या श्रद्धेवर पगार मिळत होता ती पगार सोडल्यावरही टिकली, याहून हेतूचा वेगळा पुरावा कोणता मागावा?

तथापि या औदार्याची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त दिसते. टिळक हाताशी असेल ते देऊन टाकत आणि चूल पेटवण्याची विवंचना लक्ष्मीबाईंकडे येई. पुण्य एकाच्या नावावर आणि खर्च दुसऱ्याच्या खात्यावर, हा हिशेब साधुपुरुषांच्या घरीही चुकलेला नाही. लक्ष्मीबाई पतीमागोमाग ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षांनी, स्वतःची खात्री पटल्यावरच झाल्या. म्हणूनच त्यांच्या निर्णयाला वजन आहे.

कायदा आणि कसोटी

धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितले. परदेशी देणग्यांवर 1976 मध्ये कायदा आला, 2010 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. कायदा बळजबरी आणि फसवणूक पकडू शकतो, पैशाचा माग काढू शकतो. अंतःकरण मोजण्याचे माप त्याच्यापाशी नाही.

समाजाला मात्र काही साधे प्रश्न विचारता येतात. घेणाऱ्याने दात्याची श्रद्धा नाकारली तरी मदत चालू राहते काय? हिशेब खुले आहेत काय? घेणारा कालांतराने स्वतःच्या पायांवर उभा राहतो काय? आणि त्या दानाची झळ खरोखर कोणाला लागते? हे प्रश्न चर्चला जसे विचारावेत तसेच देवस्थानांच्या विश्वस्तांना, शिक्षणसम्राटांना आणि निवडणुकीच्या तोंडावर साड्या वाटणाऱ्या पुढाऱ्यांनाही विचारले पाहिजेत. एका धर्माच्या दात्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून इतरांना पुण्यवान ठरवणारा न्याय हा न्यायच नव्हे. परक्याच्या भाकरीचा संशय येत असेल, तर तो बोलून दाखवण्यापूर्वी त्या भुकेल्यासाठी घरचा तवा चुलीवर चढला आहे की नाही, हे प्रथम पाहावे.