डॉक्टर हू मालिकेतील कालप्रवास

बीबीसी या ब्रिटिश संस्थेच्या ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेतील कालप्रवासाची कथानके आणि त्यांच्या सुसंगतीविषयी प्रेक्षकांत चालत आलेला वाद. मालिकेचा आरंभ २३ नोव्हेंबर १९६३ रोजी झाला. व्हेरिटी लॅम्बर्ट ही तिची पहिली निर्माती असून पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौ येथे जन्मलेल्या वॅरिस हुसेन यांनी केले. १९८९ मध्ये खंडित झालेली ही मालिका २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

मुलांना इतिहास व विज्ञान यांची गोडी लावणे, हा मूळ हेतूंपैकी एक होता. त्यामुळे आरंभीच्या कथांत भूतकाळ अचल मानलेला दिसतो. ‘द ॲझटेक्स’ (१९६४) या कथेत इतिहासाची शिक्षिका बार्बरा नरबळीची प्रथा बंद पाडू पाहते व अपयशी ठरते. पुढच्याच वर्षी ‘द टाइम मेडलर’ मध्ये भूमिका पालटली. तेथे भिक्षूच्या वेषातील एक कालप्रवासी १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचा निकाल फिरवू पाहतो आणि त्याला अडवावे लागते. म्हणजे इतिहास बदलता येतो, पण बदलू नये. निसर्गनियमाची जागा नीतिनियमाने घेतली. पुढील बहुतेक वादांचे मूळ येथे आहे, कारण नीतिनियमाला अपवाद मागता येतो.

‘जेनेसिस ऑफ द डॅलेक्स’ (१९७५) या टेरी नेशनलिखित कथेत डॉक्टरला डॅलेक या क्रूर जातीचा उगमापाशीच नाश करण्याची संधी मिळते. तसे करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, या शंकेने तो थबकतो. या कथेतील डॅलेकांची उत्पत्ती नेशननेच १९६३–६४ मध्ये सांगितलेल्या उत्पत्तीशी जुळत नाही. काहींच्या मते डॉक्टरच्या हस्तक्षेपाने इतिहासच बदलला. इतरांच्या मते हा केवळ लेखकाचा विसर होय. पहिले मत चतुर असले, तरी त्याने कोणतीही चूक झाकता येते व म्हणूनच ते खोडून काढता येत नाही.

२००५ नंतरच्या कथांत काही घटना ‘अढळ बिंदू’ ठरविल्या गेल्या. ‘द फायर्स ऑफ पॉम्पेई’ (२००८) मध्ये इ. स. ७९ मधील व्हीस्यूव्हियसचा उद्रेक अटळ आहे. तरीही डॉक्टर एका कुटुंबाला वाचवितो. ‘द वॉटर्स ऑफ मार्स’ (२००९) मध्ये तो हा नियम उघडपणे मोडतो आणि वाचविलेली स्त्री आत्महत्या करून इतिहास बव्हंशी पूर्ववत करते. कोणती घटना अढळ व कोणती नाही, याची कसोटी मात्र डॉक्टरच्या जाणिवेवर सोपविलेली आहे. प्रेक्षकांचा आक्षेप यावरच आहे व तो रास्त आहे.

दुसरा वाद कालगणनेचा. पृथ्वीचे रक्षण करणाऱ्या ‘युनिट’ या लष्करी पथकाच्या कथा नजीकच्या भविष्यात घडतात, अशी आरंभीची कल्पना होती. पथकाच्या कथांत वावरणारी सारा ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ (१९७५) मध्ये आपण १९८० मधून आल्याचे सांगते. तर ‘मॉड्रिन अनडेड’ (१९८३) नुसार पथकाचा प्रमुख ब्रिगेडियर १९७६ मध्येच निवृत्त होऊन शाळेत शिकवू लागतो. चाहत्यांनी संवादांतील उल्लेख, गणवेश, मोटारी यांच्या आधारे दोन्ही बाजूंनी तपशीलवार कोष्टके मांडली आहेत. २००८ मधील एका कथेत तर आपण युनिटमध्ये काम केले ते १९७० च्या दशकात की १९८० च्या, हे स्वतः डॉक्टरलाच आठवत नाही.