टेबल काचेचं, काम टॅलीचं. मग माऊस पॅड कोणता घ्यायचा?

बडोदा : महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख जवळ आली की दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या कर सल्लागारांच्या छोट्या ऑफिसांत रात्री उशिरापर्यंत दिवे सुरू असतात. ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. बिलं चढवायची, पोर्टलवरचे आकडे टॅलीशी जुळवायचे, परत तपासायचे. अशा दिवसांत नोंदी करणाऱ्या माणसाचा हात आठ-दहा तास माऊसवर असतो. आणि तो माऊस फिरतो कशावर? पुष्कळदा टेबलावरच्या काचेवर. काचेखाली गणपतीचा फोटो, व्हिजिटिंग कार्डं, पक्षकारांचे फोन नंबर. काचेवर माऊस सरकवला की बाण अडकतो, मग एकदम उडी मारतो आणि क्लिक भलत्याच रकान्यात पडतं. मग माऊस दोनदा आपटायचा, ‘बिघडला’ म्हणायचं आणि नवा आणायचा. नवाही आठ दिवसांत तसाच वागतो, कारण दोष मुळात माऊसचा नव्हताच.

हीच गोष्ट घरून काम करणाऱ्यांची. नंदुरबार, नवापूर, शहाद्याकडून शिकायला किंवा नोकरीला बडोद्यात आलेली मुलं भाड्याच्या खोलीत राहतात. (नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, तिथल्या माणसाला हद्द ओलांडायला गाडीतही बसावं लागत नाही.) खोलीत टेबल असतंच असं नाही. घडीचं टेबल, पलंगावरची फळी, नाहीतर जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा. लॅपटॉपला माऊस जोडला जातो, पण त्याच्याखाली काय असावं, हा विचार सगळ्यात शेवटी होतो. खरं तर सगळ्या सामानात हीच वस्तू सगळ्यात स्वस्त.

माऊसला दिसतं काय?

जुन्या माऊसच्या पोटात रबर चढवलेली जड गोळी असायची. ती टेबलावर घरंगळायची आणि आतली दोन छोटी रुळं फिरवायची. गुळगुळीत सनमायकावर गोळी घसरायची, म्हणून फोमचा मऊ पॅड लागायचा. त्याहून मागे गेलं तर डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जगाला दाखवलेल्या माऊसला गोळीही नव्हती. डबीखाली दोन चाकं होती. १९८० च्या सुमारास प्रकाशावर चालणारे माऊस आले. त्यातल्या एका प्रकाराला बारीक रेघांची जाळी छापलेला खास धातूचा पॅडच लागायचा. पॅड हरवला की माऊसही बाद. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने साध्या टेबलावर चालणारा ऑप्टिकल माऊस बाजारात आणला आणि मग ‘आता पॅडची गरज काय?’ हा समज पसरला.

समज अर्धाच खरा आहे. ऑप्टिकल माऊसच्या खाली एक दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. दिव्याचा प्रकाश पृष्ठभागावर तिरका पडतो, बारीक खडबडीतपणाच्या सावल्या तयार होतात आणि कॅमेरा सेकंदाला हजारांच्या हिशेबात त्यांचे फोटो काढतो. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो जुळवून माऊस किती आणि कुठे सरकला हे ठरतं. कपडा, कागद, साधं लाकूड यांवर सावल्या भरपूर. स्वच्छ काचेवर मात्र प्रकाश आरपार जातो किंवा आरशासारखा परततो. जुळवायला काहीच उरत नाही. चकचकीत पांढरा सनमायका आणि पॉलिश केलेला ग्रॅनाइट यांवरही काही माऊस असेच भांबावतात. काचेवर चालणारे माऊसही आहेत. लॉजिटेकने २००९ साली ते तंत्र आणलं, पण त्यालाही काच निदान ४ मिलिमीटर जाड लागते आणि असे माऊस महाग पडतात. त्यापेक्षा काचेवर एक साधा पॅड टाकणं शहाणपणाचं.

पॅड घेण्याआधी एक खात्री मात्र करावी. माऊस उलटा करून प्रकाशाच्या भोकात केस, कापसाचा धागा किंवा धूळ अडकली आहे का ते पाहावं. वायरलेस असेल तर सेल बदलून पाहावा. त्याचा रिसीव्हर सीपीयूच्या मागे लोखंडी कपाटाशेजारी खोचलेला असेल तर पुढच्या बाजूला लावावा. एवढ्यावर काम भागलं तर खर्च वाचला.

आधी कागद चिकटवा, मग माप ठरवा

माप ठरवायला दुकानात जायची गरज नाही. एक ए-फोर कागद, म्हणजे २१ बाय २९.७ सेंटिमीटर, माऊसच्या जागी चारी कोपऱ्यांना टेप लावून चिकटवा आणि एक दिवस नेहमीचं काम करा. कागदावर माऊस चांगला चालतो. संध्याकाळी बघा, हात कागदाबाहेर किती वेळा गेला. अजिबात गेला नाही तर सुमारे २२ बाय १८ सेंटिमीटरचा नेहमीचा छोटा पॅड पुरतो. सारखा बाहेर जात असेल तर मोठा लागेल.

हात किती फिरतो हे दोन गोष्टींवर ठरतं : पडद्याची रुंदी आणि माऊसची संवेदनशीलता, म्हणजे डीपीआय. हिशेब सोपा आहे. पडदा १९२० ठिपके रुंद आणि माऊस १००० डीपीआयचा असेल, तर बाण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायला हात १.९२ इंच, म्हणजे जेमतेम ५ सेंटिमीटर सरकवावा लागतो. तोच माऊस ४०० डीपीआयवर ठेवला तर १२ सेंटिमीटर. शेजारी दुसरा पडदा जोडला की अंतर दुप्पट. (विंडोजमध्ये बाणाचा वेग मधोमध आणि आपोआप वेग वाढवण्याची सोय बंद असेल तेव्हाचा हा हिशेब.) म्हणून बिलं चढवणाऱ्याला छोटा पॅड पुरतो. गेम खेळणारा मुद्दाम डीपीआय कमी ठेवतो, त्याला फूटभर तरी मोकळी जागा हवी. फाइन आर्ट्सचे किंवा कलाभवनातले विद्यार्थी फोटो कापणं, ड्रॉइंग काढणं अशी बारीक कामं करतात, त्यांचं या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतं.

अख्खं टेबल झाकणारे ८० बाय ३० किंवा ९० बाय ४० सेंटिमीटरचे लांब पॅड सध्या चालतात. कीबोर्ड आणि माऊस दोन्ही त्यावर बसतात, काचेचा गारवा हाताला लागत नाही. दिसायलाही छान. पण ज्याच्या टेबलावर दिवसभर व्हाउचर, स्टॅम्प पॅड, पंचिंग मशीन आणि चहाचा कप फिरतो, त्याने तो घेऊ नये. एवढ्या मोठ्या कापडावर शाईचा एक डाग पडला की तो रोज डोळ्यांसमोर.

जाडी २ ते ५ मिलिमीटरपर्यंत मिळते. टेबल सपाट असेल तर २-३ पुरे. फळ्यांच्या मधली फट किंवा काचेची कड हाताखाली येत असेल तर जाड घ्यावा.

कापड, रेक्झिन की प्लास्टिक

कापडी पॅडवर माऊस किंचित धरून चालतो, हवा तिथे थांबतो. छोट्या रकान्यात नेमकं क्लिक करणाऱ्याला हेच बरं. खाली रबर हवं, नुसता फोम नको. फोम काही महिन्यांत दबतो आणि टेबलावर सरकू लागतो. कडा शिवलेल्या असतील तर धागे सुटत नाहीत. कडक प्लास्टिकवर माऊस झरझर पळतो, आवाजही होतो. ते पुसायला सोपं, पण माऊसचे तळपाय लवकर झिजतात. रेक्झिनसारखा पॅड टेबलाला शोभतो, चहा सांडला तरी फडक्याने साफ. मात्र दमट हवेत त्याचा वरचा थर काही काळाने पोपडे धरतो.

दिवाळीत डायरी-कॅलेंडरबरोबर जाहिरातीचे फुकट पॅड येतात. त्यातले कापडी असतील ते वापरावेत. चकचकीत प्लास्टिक चढवलेले असतील तर काच काय आणि ते काय, सारखंच.

मनगटाचा प्रश्न

यात खरं नुकसान होतं ते मनगटाचं. मनगटाच्या आतल्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक महत्त्वाची नस जाते. ती नस दाबली गेली की अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, मुंग्या येतात, रात्री झोपेतून जाग येते. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही हे होतं, त्यामुळे सगळा दोष माऊसवर टाकता येत नाही. पण काचेच्या कडेवर तासन् तास मनगट टेकवणं या नसेला नक्कीच मानवत नाही. ज्याची रोजीरोटी नोंदींवर आहे, त्याचा उजवा हात महिनाभर बसला तर पगार कोण देणार?

इथेच लोक जेलची उशी असलेला पॅड घेतात आणि फसतात. ती उशी काम थांबल्यावर हात टेकवायला आहे. तिच्यावर मनगट रोवून फक्त पंजा डावी-उजवीकडे फिरवला तर दाब नेमका त्या बोगद्यावरच येतो. माऊस कोपरापासून हलवायचा, मनगट सरळ ठेवायचं. उशी उंच आणि पॅड पातळ असेल तर मनगट वाकडंच राहतं. अशी उशी नसलेलीच बरी.

टेबलं साधारण अडीच फूट उंच असतात. ठेंगण्या माणसाचा कोपर टेबलाच्या खाली राहतो आणि हात वर चढतो. त्याने खुर्ची वर करावी, पाय लोंबकळले तर खाली पाट किंवा पुठ्ठ्याचं खोकं ठेवावं.

आकड्यांचं काम करणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. कीबोर्डच्या उजवीकडे नंबर पॅड, त्याच्या पलीकडे माऊस. म्हणजे दर क्लिकला हात खांद्यापासून बाहेर जातो. संध्याकाळी खांदा आणि मान भरून येते आणि लोक उशी बदलत बसतात. यावर उपाय म्हणजे पॅड डावीकडे ठेवणं. उजवा हात आकड्यांवर, डावा माऊसवर. विंडोजच्या सेटिंगमध्ये माऊसची डावी-उजवी बटणं अदलाबदल करता येतात. पहिले दहा-पंधरा दिवस हात चुकतो, म्हणून हा प्रयोग २० तारखेनंतर सुरू करावा. माऊस दोन्ही हातांना चालणाऱ्या आकाराचा हवा, पॅड छोटा.

पाऊस, घाम आणि साबण

बडोद्याच्या उन्हाळ्यात घामाने कापडी पॅड काळा पडतो, पावसाळ्यात त्याला वास येतो. मळका पॅड माऊसला अडवतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश एवढ्यावर तो धुता येतो. मशीनमध्ये टाकू नये, पिळू नये. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावं आणि सावलीत सपाट पसरावा. उन्हात रबर कडक होतं. जेलची उशी असेल तर पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तसल्या पाण्यात भिजलेला पॅड मात्र धुऊन वापरण्यात अर्थ नाही, टाकून द्यावा.

नवा आणलेला रबराचा पॅड पहिले दोन दिवस खिडकीत उघडा ठेवावा, वास जातो. गुंडाळून आलेला असेल तर उलट्या बाजूने एकदा गुंडाळून रात्रभर जाड वह्यांखाली ठेवावा. सकाळी कोपरे टेबलावर बसलेले असतात.