हक्कांचा लढा आणि वर्गणीची वही

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे 16 डिसेंबर 1939 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार वतनदारांची परिषद भरली. वतनी जमिनीवरील जुडी सरकारने वाढविली होती. अहोरात्र राबवून घ्यावयाचे, मोबदल्यात तुटपुंजी जमीन द्यावयाची आणि वर तिच्यावरच अधिक आकार बसवावयाचा, हा न्याय अजबच म्हटला पाहिजे. पुढे 1958 च्या कायद्याने ही वतने गेली. मात्र त्याच हरेगावात ऑगस्ट 2023 मध्ये शेळी व कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला टांगून मारहाण झाली.

अशा प्रसंगी मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात. परंतु खटला वर्षानुवर्षे चालतो आणि संघटनेची थैली रिकामीच असते. आश्रयदात्याच्या देणगीने कार्य सुरू होते, टिकत नाही. ‘मूकनायक’ला 1920 मध्ये शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तरी ते पत्र तीन-चार वर्षांतच थांबले.

या संदर्भात अमेरिकेतील माँटगोमेरीचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील कृष्णवर्णीयांनी 5 डिसेंबर 1955 पासून 381 दिवस शहर बसवर बहिष्कार टाकला. कामावर जाणाऱ्यांसाठी मोटारी, पेट्रोल यांचा खर्च मोठा. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीने बायका जमविल्या. कोंबडीचे पदार्थ, केक घरी करून विकले व पैसे दर आठवड्याच्या सभेत जाहीरपणे जमा केले. मंडळाचे नाव ‘कुठलेच नसलेले क्लब’! पैसे कोठून आले असे विचारल्यास ‘कोठूनच नाही’ असे सांगता यावे, हा त्यातील मिस्किलपणा. न्यायालयात साक्ष दिल्यावर बाईंची नोकरी गेली, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मदतीने त्यांनी घरातच खानावळ थाटली.

आपल्या जिल्ह्याला नेमके हेच हवे आहे. जामखेड तालुक्यातील खर्डा येथील 2014 च्या हत्येच्या खटल्यात साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सर्व आरोपी सुटले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांत साक्षीदाराला प्रवासखर्च व भत्ता आहे. पण ज्यांच्या शेतावर मजुरी करावयाची त्यांच्याच गावात त्यांच्याविरुद्ध बोलल्यावर उद्याची चूल कशी पेटावी, याचे उत्तर त्या भत्त्यात नाही.

गावोगावच्या बचत गटांना हिशेब ठेवता येतो, जयंती मंडळांना वर्गणी जमविता येते. मंडळांनी वर्गणीतील दहावा हिस्सा अशा साक्षीदारांच्या रोजगारासाठी वेगळा काढावा, गटांनी त्याची वही सांभाळावी आणि ती दर वर्षी 14 एप्रिलला चौकात वाचून दाखवावी. येत्या जयंतीपूर्वी एका तालुक्याने तरी आरंभ करावा.